हार्ड डिस्कची निगा, माहितीची राखण

घरातील महत्त्वाचे कागद पूर्वी लोखंडी कपाटाच्या खणात असत. घराचा करारनामा, विम्याच्या पावत्या, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नाचा अल्बम अशा ऐवजाची जागा ठरलेली असे आणि त्या खणाची किल्ली घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या ताब्यात असे. गेल्या दोन-अडीच दशकांत यातील बराचसा ऐवज संगणकाच्या हार्ड डिस्कवर गेला. मुलांच्या बारशापासून पदवीदानापर्यंतची छायाचित्रे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, मुदतठेवींचे तपशील, पॅन आणि आधार कार्डांच्या प्रती, डॉक्टरांचे अहवाल, गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब हे सारे आता हाताच्या तळव्याएवढ्या एका पेटीत मावते. मात्र कपाटाची जी काळजी घेतली जात असे, ती या पेटीच्या वाट्याला क्वचितच येते.

या दुर्लक्षाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते आणि हे दोन्ही प्रकार परस्परांच्या अगदी उलट आहेत. एक तर हवी असलेली माहिती एका क्षणात नाहीशी होते. किंवा नाहीशी व्हायला हवी असलेली माहिती डिस्कवर तशीच राहते आणि परक्याच्या हाती पडते. डिस्क आपली आपण माहिती जपत नाही आणि आपली आपण पुसतही नाही. ही दोन्ही कामे मालकाची आहेत. ती नीट करायची, तर डिस्कचे अंतरंग थोडे समजून घेणे उपयोगी पडते.

तबकडी आणि हेड

जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये 'रामॅक ३०५' या संगणकासोबत बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे साठवण्याची तिची क्षमता होती. आजच्या हिशेबाने मोबाइलवर काढलेली एक-दोन छायाचित्रे मावतील एवढीच ही जागा. पण त्यासाठी भल्यामोठ्या कपाटाएवढे यंत्र लागे. १९८० मध्ये सीगेट कंपनीने वैयक्तिक संगणकात बसेल अशी सव्वापाच इंची डिस्क आणली. तिची क्षमता ५ मेगाबाइट होती. आज मोठ्या डेटा सेंटरसाठी ३० टेराबाइटपेक्षा जास्त क्षमतेच्या साडेतीन इंची डिस्क बनवल्या जातात. या प्रवासाला हातभार लावणाऱ्या 'जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स' या परिणामाच्या शोधासाठी आल्बेर फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षमता वाढली, तरी रचनेचे तत्त्व बदललेले नाही. ॲल्युमिनियमच्या अथवा काचेच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म कणसमूहांची चुंबकीय दिशा बदलून माहिती लिहिली जाते. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. ७,२०० फेऱ्यांच्या साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. तिच्यावर लिहिणारे-वाचणारे 'हेड' तबकडीला न टेकता हवेच्या पातळ गादीवर तरंगते. दोहोंमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे धुळीचा कण किंवा एखादा हलकासा धक्का येथे काय अनर्थ करू शकतो, याची कल्पना येईल. हेड तबकडीवर आदळले की चुंबकीय थर खरवडला जातो. त्या जागेवरील माहिती मग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी असते. तिच्यात हलणारा एकही भाग नसतो. विद्युतभार धरून ठेवणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये माहिती राहते. त्यामुळे ती धक्के सोसते आणि वेगही कितीतरी जास्त देते. परंतु ती अमर नाही. प्रत्येक चिपवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते, आणि नियंत्रक सर्किट बिघडले तर एसएसडी कोणताही आवाज न करता, पूर्वसूचना न देता बंद पडते.

डिस्क बिघडते कशाने?

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे धक्का. डिस्क बंद असताना हेड सुरक्षित जागी विसावलेले असते, त्यामुळे बंद डिस्क बराच धक्का सोसू शकते. चालू डिस्कची गोष्ट वेगळी आहे. बाहेरून जोडायची डिस्क टेबलाच्या कडेला उभी ठेवणे, कॉपी सुरू असताना ती उचलून दुसरीकडे ठेवणे, तबकडीची डिस्क असलेला लॅपटॉप चालू स्थितीतच पिशवीत टाकून दुचाकीवरून नेणे या सवयी टाळाव्यात. अशी डिस्क सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवावी आणि केबल पायात अडकणार नाही असे पाहावे.

दुसरा शत्रू अनियमित वीजपुरवठा. डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते आणि कधी कधी फायलींची सूचीच बिघडते. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस असणे ही चैन नसून गरज आहे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत कमकुवत होते, तेव्हा ती मधूनमधून तपासावी. स्पाइक गार्डचा उपयोग विजेचा दाब अचानक वाढल्यास होतो. वीज गेल्यावर तो काही करू शकत नाही. असेम्बल्ड संगणक घेताना स्वस्तातला एसएमपीएस बसवून घेण्याचा मोह टाळावा, कारण खराब एसएमपीएस स्वतःबरोबर डिस्कलाही घेऊन जातो. बाहेरील डिस्क काढताना 'सेफली रिमूव्ह' ही आज्ञा द्यावी. पडद्यावर कॉपी पूर्ण झाल्याचे दिसले, तरी काही माहिती मेमरीतून डिस्कवर उतरायची बाकी असू शकते.

तिसरी बाब उष्णतेची. घरगुती वापराच्या बहुतेक डिस्कसाठी उत्पादकांनी दिलेली कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीचेच तापमान ४० अंशांपुढे गेले असताना धुळीने भरलेल्या कॅबिनेटमधील डिस्क ही मर्यादा गाठू शकते. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये, वर्षातून एक-दोनदा आतील धूळ काढावी आणि पंखे फिरतात की नाही हे पाहावे. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या हवेत दमटपणाची भर पडते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच सुरू न करता काही वेळ बाजूला ठेवावी, म्हणजे तिच्यावर धरलेला ओलावा सुकतो.

पर्यटकांसाठी एक सूचना. हेड हवेवर तरंगत असल्यामुळे तबकडीच्या साध्या डिस्कमध्ये बाहेरच्या हवेशी जोडणारे, गाळणी लावलेले बारीक छिद्र असते. हवा विरळ झाली की तरंगण्याची उंची घटते. म्हणून अशा डिस्क साधारण ३,००० मीटर उंचीपर्यंतच चालवाव्यात, असे उत्पादक सांगतात. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. लडाखच्या सहलीत रोजची छायाचित्रे उतरवून ठेवायची असतील, तर एसएसडी किंवा जास्तीची मेमरी कार्डे सोबत न्यावीत.

डिस्कचे इशारे

डिस्क नेहमीच अचानक जाते असे नाही. संगणक विनाकारण रेंगाळणे, एखादी फाइल उघडताना अडकून पडणे, फोल्डरची नावे विचित्र अक्षरांत दिसणे, प्रत्येक वेळी सुरू होताना डिस्कची तपासणी आपोआप सुरू होणे या खुणा गंभीरपणे घ्याव्यात. तबकडीच्या डिस्कमधून 'टक-टक' असा ठरावीक अंतराने आवाज येऊ लागला, तर हेडला आपली जागा सापडत नाही असा त्याचा अर्थ असतो.

डिस्कमध्ये स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी 'स्मार्ट' नावाची यंत्रणा असते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो'सारख्या मोफत प्रोग्रॅमने ही नोंद वाचता येते. त्यात खराब म्हणून बदललेल्या सेक्टरांची संख्या आणि वाचता न आल्याने प्रलंबित असलेल्या सेक्टरांची संख्या हे दोन आकडे प्रामुख्याने पाहावेत. ते शून्यावर असावेत. महिन्यागणिक वाढत असतील, तर नवी डिस्क घेण्याची वेळ आली असे समजावे.

मात्र या यंत्रणेवर पूर्ण विसंबू नये. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या केंद्रांतील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असते, असे त्यांना दिसले. परंतु बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी 'स्मार्ट'मधील चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. इशारा मिळाला तर तो पाळावा, पण इशारा मिळेलच असे गृहीत धरू नये.

इशारा दिसताच पहिले काम एकच, महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवणे. डिस्क आधी दुरुस्त करून पाहू, मग प्रत घेऊ, हा क्रम घातक आहे. दुरुस्तीचे प्रोग्रॅम डिस्क पुन्हापुन्हा पूर्ण वाचतात आणि आजारी डिस्कला तेवढे श्रम झेपत नाहीत. डिस्क आवाज करत असेल, तर ती ताबडतोब बंद करावी. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्यासारखे ऐकीव उपाय करू नयेत, आणि झाकण तर कधीच उघडू नये. माहिती परत मिळवून देणारे व्यावसायिक धूळमुक्त कक्षातच ते उघडतात. त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो आणि यशाची हमी नसते.

दुसरी प्रत कोठे आहे?

निगा कितीही राखली, तरी डिस्क कधी ना कधी जाणारच. म्हणून डिस्क किती चांगली, या प्रश्नापेक्षा दुसरी प्रत कोठे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. बॅकअपचा सर्वमान्य नियम 'तीन-दोन-एक' या नावाने ओळखला जातो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे तो लोकप्रिय झाला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा हा नियम आहे.

'दुसऱ्या ठिकाणी' या शब्दांचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तळमजल्यावरची असंख्य घरे व कार्यालये पाण्याखाली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने महापूर पाहिला. संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलावर असतील, तर पूर, आग आणि चोर या तिघांपुढे त्या दोन प्रतींची एकच प्रत होते. दुसरी डिस्क नातेवाइकांच्या घरी अथवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हा साधा उपाय आहे.

बॅकअप घेतला जातो, एवढ्यावर समाधान मानणेही धोक्याचे. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाची निर्मिती चालू असताना १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपची व्यवस्था होती. पण ती नीट काम करत नसल्याचे ऐन वेळी लक्षात आले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ती स्टुडिओत आणली गेली आणि तिच्या आधारे चित्रपट सावरला. यातील धडा असा की, बॅकअपमधून चार फायली मधूनमधून उघडून पाहाव्यात. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा मुद्दा खंडणीखोर प्रोग्रॅमचा, म्हणजे रॅन्समवेअरचा. हे प्रोग्रॅम डिस्कवरील फायली सांकेतिक लिपीत कुलूपबंद करून पैसे मागतात. ते संगणकाला त्या वेळी जोडलेल्या बाहेरील डिस्कवरही हल्ला करतात. जून २०१७ मधील 'नॉटपेट्या' हल्ला वरकरणी खंडणीचा होता, प्रत्यक्षात तो माहिती नष्ट करत असे. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक त्यात निकामी झाले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या संगणक-जाळ्याचा गाभा असलेल्या नोंदींची एकच प्रत वाचली, ती घाना देशातील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. जे तेथे योगायोगाने घडले, ते आपण ठरवून करावे. बॅकअप पूर्ण झाला की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

क्लाउडवर सगळे आहेच, असे अनेकांना वाटते. क्लाउड ही एक चांगली प्रत आहे, पण ती एकमेव असू नये. यातील पुष्कळ सेवा संगणकाशी जुळवून घेण्याचे काम करतात. संगणकावर चुकून पुसलेली फाइल तेथूनही जाते आणि ती परत मिळवण्यासाठी ठरावीक दिवसांचीच मुदत असते. नियमही बदलतात. गूगल फोटोजमधील मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण त्या कंपनीने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. दिवंगत आईवडिलांच्या खात्यात छायाचित्रे असतील, तर ती वेळीच उतरवून घ्यावीत.

विंडोजमधील 'फाइल हिस्ट्री' आणि ॲपलच्या संगणकांवरील 'टाइम मशीन' या सोयी फायलींच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवतात. त्यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त एक बाहेरील डिस्क लागते. दीर्घकाळ ठेवायच्या प्रतीसाठी मात्र एसएसडी आणि पेनड्राइव्हपेक्षा तबकडीची डिस्क बरी. वीज न मिळाल्यास फ्लॅश चिपमधील विद्युतभार हळूहळू झिरपतो. आयुष्याच्या अखेरीस पोचलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा उद्योगाच्या मानकात धरलेली आहे. नव्या एसएसडीत ती याहून बरीच जास्त टिकते. तरीही ती कपाटात वर्षानुवर्षे विसरण्याची वस्तू नव्हे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्न-मुंजींची छायाचित्रे ज्या सीडींवर घेतली, त्याही आता खराब होऊ लागल्या आहेत. त्यांच्या आणि जुन्या आयडीई डिस्कच्या प्रती आताच करून घ्याव्यात. जुनी डिस्क यूएसबीला जोडून देणारे कन्व्हर्टर बाजारात मिळतात.

पुसलेले पुसले जात नाही

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' अंतराळयान पृथ्वीकडे परतताना कोसळले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत काही महिन्यांनी एक जळालेली, वितळलेली हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची निरीक्षणे तिच्यावर होती. तज्ज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रात बसवल्या आणि जवळजवळ सर्व माहिती परत मिळवली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. चुंबकीय तबकडीची ही चिकाटी विज्ञानाच्या कामी आली. भंगारात दिलेल्या डिस्कच्या बाबतीत हीच चिकाटी मालकावर उलटते.

'डिलीट' केल्याने फाइल पुसली जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतील नाव खोडावे आणि प्रकरणाची पाने तशीच ठेवावीत, तसा हा प्रकार आहे. रीसायकल बिन रिकामे केले, तरी ती जागा मोकळी असल्याची नोंद तेवढी होते. तीवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर शिल्लक असतो. झटपट फॉरमॅटमध्येही अनुक्रमणिकाच नवी होते. चुकून पुसलेली फाइल परत मिळू शकते ती यामुळेच. अशा वेळी त्या डिस्कवर नवे काही न लिहिता, रिकव्हरी प्रोग्रॅमसुद्धा तिच्यावर न उतरवता, दुसऱ्या संगणकाला जोडून प्रयत्न करावा. एसएसडीत मात्र 'ट्रिम' या आज्ञेमुळे मोकळी जागा लवकरच खरोखर साफ होते आणि चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेऊन केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १२९ डिस्क चालू होत्या आणि नीट पुसलेल्या होत्या अवघ्या १२. उरलेल्यांवर पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय माहिती आणि खासगी पत्रव्यवहार सापडला. एक डिस्क तर बँकेच्या एटीएममधील होती. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ग्राहकांची माहिती असलेल्या डिस्क न पुसता विल्हेवाटीला दिल्याबद्दल मॉर्गन स्टॅनली समूहातील कंपनीला अमेरिकेच्या रोखे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. ही विल्हेवाट तिने अनुभव नसलेल्या सामान वाहतूक कंपनीकडे सोपवली होती आणि काही यंत्रे माहितीसकट लिलावात विकली गेली होती.

संगणक विकताना, एक्स्चेंजमध्ये देताना किंवा शाळेला दान करताना डिस्क पूर्ण पुसावी. तबकडीच्या डिस्कवर संपूर्ण जागेवर एकदा शून्ये लिहिणे पुरेसे आहे. ३५ वेळा लिहावे, असा समज १९९६ मधील पीटर गुटमन यांच्या निबंधावरून रूढ झाला. तो त्या काळच्या आणि त्यापूर्वीच्या डिस्कबद्दल होता. आजच्या डिस्कला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढे झटपट पर्याय काढून केलेले पूर्ण फॉरमॅट हेच काम करते. संपूर्ण संगणक द्यायचा असेल, तर 'रीसेट' करताना सर्व काही काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडावा. एसएसडी माहिती अनेक चिपांवर विखरून ठेवत असल्याने वरवर लिहिणे तिला पुरत नाही. तिच्यासाठी उत्पादकाच्या प्रोग्रॅममधील 'सिक्युअर इरेज' वापरावे. बंद पडलेली तबकडीची डिस्क भंगारात देण्यापूर्वी तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडावीत. तबकडी काचेची असू शकते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा असावा. एसएसडीची प्रत्येक चिप फोडावी. अवशेष कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत.

कुलूप आधीच लावावे

वरील उपायांत एक अडचण आहे. जी डिस्क सुरूच होत नाही, ती पुसता येत नाही. लॅपटॉप चोरीला गेला किंवा टॅक्सीत राहिला, तर पुसण्याची संधीच मिळत नाही. हमीच्या मुदतीत बिघडलेली डिस्क बदलून घेताना जुनी डिस्क कंपनीकडे परत द्यावी लागते, तीही न पुसता. या सर्व प्रसंगांवर एकच तोडगा आहे. पहिल्या दिवसापासून संपूर्ण डिस्क सांकेतिक लिपीत ठेवावी. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्त्यांत 'बिटलॉकर', ॲपलच्या संगणकांत 'फाइलव्हॉल्ट' आणि कोठेही चालणारा मोफत 'व्हेराक्रिप्ट' ही त्याची साधने होत. अनेक नव्या लॅपटॉपवर असे संरक्षण आपोआप चालू असते. संगणक सुरू करतानाचा पासवर्ड याची जागा घेऊ शकत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की तो पासवर्ड विचारलाच जात नाही.

हे कुलूप मालकालाही तितकेच लागू आहे. रिकव्हरी की हरवली, तर माहिती कोणालाही परत मिळवता येणार नाही. ती कागदावर लिहून मृत्युपत्र आणि विम्याच्या कागदांसोबत ठेवावी आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला जागा सांगून ठेवावी. कर्त्या माणसाच्या निधनानंतर गुंतवणुकीचा तपशील कुलूपबंद डिस्कवर अडकून पडणे, हा कुटुंबावर दुहेरी आघात ठरतो.

दुरुस्तीला संगणक देताना शक्य असल्यास डिस्क काढून घ्यावी. बिघाड पडद्याचा किंवा कीबोर्डचा असेल, तर तंत्रज्ञाला पासवर्ड देण्याचे कारण नाही. डिस्क बदलली, तर जुनी मागून घ्यावी.

दवाखाने, शिकवणी वर्ग, सनदी लेखापाल आणि छोटे व्यावसायिक यांच्याकडे दुसऱ्यांचीही माहिती असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे, आणि गरज संपल्यावर माहिती पुसणे हेही त्यात कर्तव्य मानले आहे. घरगुती वापर कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तेथे जबाबदारी घरच्यांचीच.

वर्षाचा कार्यक्रम

३१ मार्च हा दिवस जगात 'बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस असल्याने लक्षात ठेवायलाही सोपा. त्या आठवड्यात एक सुट्टी पुढील कामांसाठी राखून ठेवावी.

• महत्त्वाच्या फायली एका मुख्य फोल्डरमध्ये आणाव्यात.
• दोन बाहेरील डिस्कवर प्रत घ्यावी. एक घरी, एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.
• गेल्या वर्षीच्या प्रतीतील काही फायली उघडून पाहाव्यात.
• डिस्कची 'स्मार्ट' नोंद वाचून आकडे लिहून ठेवावेत.
• संपूर्ण डिस्कचे सांकेतिक संरक्षण चालू आहे याची खात्री करावी. रिकव्हरी की कोठे आहे ते पाहावे.
• पडून असलेल्या जुन्या डिस्कमधील हवे ते उतरवून घ्यावे आणि त्या पुसून ई-कचऱ्यात द्याव्यात.

रोज बदलणाऱ्या कामाच्या फायलींसाठी वर्षातून एकदा पुरणार नाही. त्यांची प्रत आठवड्याला घ्यावी. एक आठवड्याचे काम पुन्हा करावे लागले तर चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारला की बॅकअपमधील अंतर आपोआप ठरते. डिस्क नवी आणता येते. तिच्यावरील माहिती मात्र बाजारात मिळत नाही, आणि एकदा परक्या हाती गेली की परतही घेता येत नाही.